कार्यालयातील कॅमेऱ्यांना पत्ता देताना

कार्यालयात चोरी होते, गोदामातील माल मोजणीत कमी भरतो किंवा जिन्यावरून कोणी पडते, आणि मग सर्वांना भिंतीवरच्या कॅमेऱ्याची आठवण होते. रेकॉर्डर उघडला जातो. सोळापैकी पंधरा चौकटींत चित्र असते. नेमक्या हव्या त्या चौकटीत काळोख असतो. मागचे दिवस चाळले, तर हा काळोख तीन आठवड्यांपासूनचा असल्याचे ध्यानात येते. कॅमेरा चालू असतो, त्याचा दिवाही लुकलुकत असतो, हार्ड डिस्कही धडधाकट असते. फक्त मधल्या काळात त्या कॅमेऱ्याचा पत्ता बदललेला असतो आणि रेकॉर्डर मात्र जुन्याच पत्त्यावर त्याला हाका मारत बसलेला असतो. चित्रीकरण नसले की संशय बहुधा रात्रपाळीच्या पहारेकऱ्यावर नाहीतर सफाई कामगारावर येऊन थांबतो. त्याच्या बाजूने बोलू शकणारा एकमेव साक्षीदार तेवढ्या वेळापुरता आंधळा झालेला असतो.

कॅमेरे विकत घेताना मेगापिक्सेल, रात्रीची दृष्टी आणि किंमत यांची भरपूर चर्चा होते. पत्त्याचा विषय मात्र कॅमेरे बसवणाऱ्या तंत्रज्ञावर सोडला जातो, आणि त्याला संध्याकाळपर्यंत आणखी दोन ठिकाणी जायचे असते. म्हणून हे काम कसे चालते, हे कार्यालयातील निदान एका व्यक्तीने समजून घेणे आवश्यक आहे.

पत्ता म्हणजे काय?

सुरुवातीलाच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. जुन्या पद्धतीच्या, जाड कोॲक्सियल केबलने जोडलेल्या कॅमेऱ्यांना स्वतःचा पत्ता नसतो. त्यांची केबल थेट डीव्हीआरच्या पाठीमागे जाते आणि पत्ता लागतो तो केवळ त्या डीव्हीआरला. संगणकाच्या नेटवर्क केबलवर चालणारे कॅमेरे म्हणजे मात्र छोटे संगणकच होत. त्या प्रत्येकाला स्वतंत्र आयपी पत्ता लागतो आणि त्यांचे चित्रण साठवणाऱ्या यंत्राला एनव्हीआर म्हणतात. पुढील विवेचन मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

आयपी पत्ता म्हणजे बिंदूंनी विभागलेल्या चार संख्या, प्रत्येक ० ते २५५ यांमधील. उदाहरणार्थ १९२.१६८.२०.१०७. (येथे देवनागरीत छापलेले आकडे यंत्रात भरताना अर्थातच इंग्रजी अंकांत भरावेत.) जगातील पत्ते अपुरे पडणार हे ओळखून १९९६ साली काही पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवण्याचा नियम पक्का झाला. १० ने सुरू होणारे सर्व, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे असे हे तीन गट आहेत. चाळीतल्या खोली क्रमांकासारखे त्यांचे आहे. 'खोली क्रमांक ७' गिरगावातही असते आणि लालबागेतही. चाळीच्या आत तेवढे सांगणे पुरते, बाहेरच्या पोस्टमनला मात्र त्यावरून काहीच बोध होत नाही.

पत्त्यासोबत आणखी तीन रकाने भरावे लागतात. सबनेट मास्क कोणती घरे आपल्याच चाळीतली हे सांगतो. २५५.२५५.२५५.० हा मास्क दिला की पहिल्या तीन संख्या समान असलेली यंत्रे शेजारी ठरतात आणि १ ते २५४ असे २५४ पत्ते वापरता येतात. गेटवे म्हणजे चाळीबाहेर पडण्याचा दरवाजा, म्हणजेच बहुधा राउटरचा पत्ता. डीएनएस हा नावावरून पत्ता शोधून देणारा. शेवटचे दोन रकाने कॅमेऱ्यासाठी वाटतात तितके सरळ नाहीत. त्यांकडे पुढे वळू.

पत्ता बदलतो कसा?

बहुतेक राउटर जोडलेल्या प्रत्येक यंत्राला आपणहून पत्ता देतात. या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. पत्ता कायमचा दिला जात नाही, तो ठरावीक मुदतीच्या भाडेकराराने मिळतो. पाहुण्यांच्या मोबाइलसाठी ही सोय उत्तम आहे. कॅमेऱ्यासाठी ती घातक आहे. अनेक स्वस्त राउटर वीज गेली की वाटपाची यादी विसरतात. पावसाळ्यात रात्री वीज जाते, पहाटे येते, सर्व यंत्रे एकदम जागी होतात आणि जो आधी हात पुढे करील त्याला आधीचा पत्ता मिळतो. मग काल कॅमेऱ्याचा असलेला पत्ता आज हिशेब विभागातील प्रिंटरकडे गेलेला असतो.

याहून वाईट प्रकार म्हणजे दोन कॅमेऱ्यांच्या पत्त्यांची अदलाबदल. दोघांचाही पासवर्ड एकच असल्याने रेकॉर्डर तक्रार करीत नाही. 'रोखपाल' नावाच्या चौकटीत वाहनतळ दिसू लागतो आणि वाहनतळाच्या चौकटीत रोखपाल. काळी चौकट निदान कोणाच्या तरी नजरेस पडते; चुकीच्या नावाखाली साठलेले चित्रण कोणालाही खटकत नाही.

तिसरी अडचण कारखान्यातूनच येते. नवे कॅमेरे ठरावीक पत्ता घेऊन येतात. हिकव्हिजनच्या कॅमेऱ्यांचा मूळ पत्ता १९२.१६८.१.६४ आणि दाहुआच्या यंत्रांचा १९२.१६८.१.१०८ हे या व्यवसायातील प्रत्येकाला तोंडपाठ असतात. एकाच कंपनीचे आठ नवे कॅमेरे एकदम स्विचला जोडले तर आठही जण एकाच नावाने 'हजर' म्हणतात. चित्र येते, जाते, पुन्हा येते. मग कधी केबलला दोष दिला जातो, कधी कॅमेराच बदलून आणला जातो.

आधी कागद, मग केबल

म्हणून एकही खोका उघडण्यापूर्वी कागदावर आराखडा करावा. समजा, कार्यालयातील संगणक १९२.१६८.१ या गटात आहेत. कॅमेऱ्यांसाठी वेगळा गट घ्यावा, उदाहरणार्थ १९२.१६८.२०. घरगुती राउटर सर्रास १९२.१६८.० आणि १९२.१६८.१ हेच गट वापरतात, हेही वेगळा गट घेण्याचे एक कारण आहे. उद्या मालकांना घरून सुरक्षित जोडणीने कॅमेरे पाहायचे झाले आणि घरचा गटही तोच निघाला, तर त्यांचा संगणक कॅमेरा स्वतःच्याच घरात शोधत राहील.

गटातील १ हा क्रमांक राउटरसाठी, १० रेकॉर्डरसाठी, आणि १०१ पासून पुढचे कॅमेऱ्यांसाठी ठेवावेत. सातवा कॅमेरा म्हणजे १०७. चौकटीचा क्रमांक, भिंतीवरच्या चिठ्ठीवरील क्रमांक आणि पत्त्याची शेवटची संख्या जुळली की रात्री दोन वाजताही गोंधळ होत नाही. मजल्यानुसार क्रमांक देण्याचा मोह पुष्कळांना होतो: पहिल्या मजल्याला १०१, दुसऱ्याला २०१. तिसऱ्या मजल्यावर मात्र ही युक्ती अडते, कारण ३०१ हा आकडा पत्त्यात बसतच नाही. इमारत उंच असेल तर तिसरी संख्याच मजल्याप्रमाणे बदलावी. मात्र मग गट वेगवेगळे होतात आणि त्यांना जोडणारा राउटर किंवा तशी क्षमता असलेला स्विच लागतो. पन्नास कॅमेऱ्यांच्या आतील कार्यालयाने या भानगडीत पडू नये.

प्रत्यक्ष काम कंटाळवाणे आहे आणि ते तसेच, एकेक करून करावे. लॅपटॉपला तात्पुरता कारखान्याच्या गटातील एखादा मोकळा पत्ता द्यावा, म्हणजे १९२.१६८.१.५० यासारखा, आणि एकच कॅमेरा जोडावा. ब्राउझरमध्ये मूळ पत्ता टाकला की कॅमेऱ्याचे पान उघडते. तेथे आधी पासवर्ड ठरवावा, मग नेटवर्कच्या पानावर डीएचसीपी बंद करून नवा पत्ता व मास्क भरावा. जतन करताच पान गोठल्यासारखे दिसते. घाबरू नये, कॅमेरा नव्या पत्त्यावर राहायला गेलेला असतो. लॅपटॉपचा पत्ताही नव्या गटात नेऊन 'पिंग' या आज्ञेने तो उत्तर देतो का हे पाहावे, चिठ्ठी चिकटवावी आणि मगच दुसरा कॅमेरा घ्यावा. कंपन्यांची मोफत साधने जोडलेले सर्व कॅमेरे एकाच यादीत दाखवून त्यांना ओळीने पत्ते देतात. काम त्यामुळे लवकर उरकते, पण कोणता पत्ता कोणत्या भिंतीवर गेला याची नोंद हातानेच ठेवावी लागते.

राउटरमध्येच 'या यंत्राला हाच पत्ता' असे आरक्षण करण्याचीही पद्धत आहे. प्रत्येक यंत्राला कारखान्यात मिळालेला मॅक क्रमांक नोंदवून ते करता येते. जेथे संगणक विभाग आहे तेथे ही पद्धत नेटकी ठरते. परंतु ज्या कार्यालयात राउटर बिघडला की शेजारच्या दुकानातून नवा आणून लावतात, तेथे राउटरसोबत ती आरक्षणेही भंगारात जातात. अशा ठिकाणी पत्ता कॅमेऱ्यातच कायम करणे अधिक शहाणपणाचे. कॅमेरे कार्यालयाच्याच गटात ठेवणे भाग असेल, तर राउटरचे आपोआप वाटप त्या क्रमांकांना शिवणार नाही अशी मर्यादा घालावी. वाटप २ ते ९९ आणि कॅमेरे १०१ च्या पुढे, एवढे पुरते.

काही रेकॉर्डरच्या पाठीमागेच आठ किंवा सोळा कॅमेऱ्यांसाठी वीजही पुरवणारी छिद्रे असतात. तेथे केबल खुपसली की रेकॉर्डर स्वतःच्या आतल्या गटातला पत्ता कॅमेऱ्याला देतो; हिकव्हिजनमध्ये १९२.१६८.२५४ हा गट सामान्यतः आढळतो, तर दाहुआमध्ये १०.१.१. हे कॅमेरे कार्यालयाच्या नेटवर्कवरून दिसत नाहीत, आणि तंत्रज्ञ नसलेल्या छोट्या कार्यालयासाठी हीच सर्वांत निर्धोक मांडणी आहे. अट एकच: कॅमेऱ्यापर्यंतची केबल १०० मीटरच्या आत हवी.

वेगळी चूल का मांडावी?

कॅमेऱ्यांचा गट वेगळा ठेवण्यामागे नीटनेटकेपणाहून अधिक काही आहे. एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट पाठवत असेल तर सोळा कॅमेऱ्यांचे ६४ मेगाबिट होतात, आणि हा ओघ अहोरात्र चालू राहतो. साठवणुकीच्या भाषेत एका कॅमेऱ्याचे दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट, सोळांचे सुमारे ६९० गिगाबाइट आणि ३० दिवसांचे २० टेराबाइटहून अधिक होतात. (दुकानदाराने ४ टेराबाइटच्या डिस्कवर 'महिनाभर आरामात' असे सांगितले असेल तर हा गुणाकार त्याच्यासमोर करून पाहावा.) हा ओघ कार्यालयाच्या कामाच्या वाटेवरून नेणे दोघांनाही जाचते.

मात्र केवळ आकडे बदलले की नेटवर्क वेगळे होत नाही. एकाच साध्या स्विचवर दोन गट ठेवले तर लॅपटॉपचा पत्ता बदलून कोणीही कॅमेऱ्यांच्या गटात शिरू शकतो. खरे विभाजन करायचे तर कॅमेऱ्यांसाठी स्वतंत्र स्विच घ्यावा, किंवा एकाच स्विचमध्ये आभासी भिंत घालणारी व्हीलॅन ही सोय वापरावी. दोन नेटवर्क छिद्रे असलेला रेकॉर्डर मिळाला तर एक बाजू कॅमेऱ्यांकडे आणि दुसरी कार्यालयाकडे ठेवता येते.

आता गेटवेच्या रकान्याविषयी. कॅमेऱ्याला फक्त रेकॉर्डरशी बोलायचे असते. त्याला चाळीबाहेर पडण्याचे कारण नाही. म्हणून जेथे यंत्र परवानगी देते तेथे कॅमेऱ्याचा गेटवे रिकामा ठेवावा. बाहेर जाण्याचा रस्ताच ठाऊक नसलेला कॅमेरा निर्मात्याच्या दूरदेशीच्या सर्व्हरशी गुजगोष्टी करीत नाही. अर्थात ही केवळ कडी आहे, कुलूप नव्हे. कुलूप लावायचे ते राउटरच्या नियमांत.

बाहेरून पाहण्याची हौस

'मोबाइलवर दिसले पाहिजे' ही मागणी आता प्रत्येक मालकाची असते आणि सर्वांत मोठा धोका येथेच आहे. यासाठी वर्षानुवर्षे राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केले जाई. म्हणजे बाहेरून आलेल्या कोणालाही थेट रेकॉर्डरच्या दारापर्यंत आणून सोडण्याची व्यवस्था. मालकाला जे दार उघडे, तेच साऱ्या जगाला उघडे. इंटरनेटवरील प्रत्येक पत्त्याची दारे ठोठावत फिरणाऱ्या यंत्रणा रात्रंदिवस कार्यरत असतात.

२०१६ साली 'मिराई' या घातक प्रणालीने याचा विदारक प्रत्यय दिला. तिने काही असामान्य केले नव्हते. कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्यांची यादी घेऊन ती उघड्या दारांवर एकेक जोडी लावून पाहत असे. अशा रीतीने लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर तिच्या ताब्यात गेले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या फौजेने अमेरिकेतील डिन या कंपनीच्या नावनोंदणी सेवेवर हल्ला चढवला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी संकेतस्थळे काही तास अनेकांना उघडेनाशी झाली. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना आपला पहारेकरी रात्री दरोडे घालतो याचा पत्ताही नव्हता. पुढे तिचे कर्ते तीन तरुण निघाले आणि डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी अमेरिकी न्यायालयात गुन्हा कबूल केल्याचे जाहीर झाले. पासवर्ड बदलला म्हणजे निश्चिंत, असेही नाही. २०२१ मध्ये हिकव्हिजनच्या अनेक कॅमेऱ्यांत पासवर्ड न देताच आत शिरता येईल अशी त्रुटी उघड झाली. ज्यांनी दुरुस्ती चढवली नव्हती आणि दारही उघडे ठेवले होते, त्यांचा कठीण पासवर्ड निरुपयोगी ठरला.

आपल्याकडील उदाहरण अधिक वेदनादायक आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोट येथील एका प्रसूती रुग्णालयातील महिला रुग्णांच्या तपासणीच्या चित्रफिती इंटरनेटवर विकल्या जात असल्याचे उघडकीस आले. गुजरात पोलिसांनी त्या प्रकरणी महाराष्ट्रातूनही संशयितांना अटक केली. खरे तर तपासणीच्या खोलीत कॅमेरा असावाच का, हा पत्त्याच्याही आधीचा प्रश्न आहे. कपडे बदलण्याच्या किंवा तपासणीच्या जागी तो नसलाच पाहिजे.

मग मार्ग कोणता? अनेक इंटरनेट सेवादाते आता एकच सार्वजनिक पत्ता शेकडो ग्राहकांत वाटून देतात. राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांदरम्यान दिसला तर आपण त्या वाटणीत आहोत असे समजावे. तेथे पोर्ट फॉरवर्डिंग चालतच नाही. तंत्रज्ञ मग खोक्यावरचा क्यूआर कोड मोबाइलवर टिपून निर्मात्याच्या क्लाउडमार्फत चित्र दाखवतो. हे सोपे आहे, दारही बाहेरून उघडे राहत नाही. पण किल्ली तिसऱ्याच्या हाती जाते. मार्च २०२१ मध्ये व्हर्काडा या अमेरिकी कंपनीच्या क्लाउडमधून सुमारे दीड लाख कॅमेरे एकाच घुसखोरीत उघडे पडले होते. माझ्या मते, ज्या कार्यालयाला परवडते त्याने व्हीपीएन घ्यावे: आधी ओळख पटवून कार्यालयाच्या आत यायचे आणि मग रेकॉर्डर पाहायचा. ते नाही जमले तर क्लाउड, पण दुहेरी पडताळणीसह. पोर्ट फॉरवर्डिंग मात्र कोणत्याही सबबीवर नको. राउटरमधील 'यूपीएनपी' ही सोयही बंद करावी, कारण तिच्या आधारे रेकॉर्डर मालकाला न विचारता स्वतःच दार उघडू शकतो.

घड्याळाची साक्ष

गेटवे आणि डीएनएस रिकामे ठेवले की एक नवी अडचण उभी राहते. कॅमेरा वेळ कोणाला विचारणार? उत्तर सोपे आहे: रेकॉर्डरला. रेकॉर्डरला गेटवे व डीएनएस द्यावे, त्याला राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळसेवेशी जोडावे, आणि कॅमेऱ्यांनी रेकॉर्डरकडून वेळ घ्यावी. चिनी बनावटीची यंत्रे पुष्कळदा त्यांच्या देशाच्या वेळेवर लावलेली येतात. ती आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते. रात्री साडेअकराची चोरी मग चित्रात दुसऱ्या दिवशी पहाटे दोनची दिसते.

वेळेचे मोल किती, हे जालन्याच्या एका खटल्याने दाखवून दिले आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या मुदतीनंतर दाखल झाला का, हा त्यातील वाद होता आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरण हा त्यातील महत्त्वाचा पुरावा होता. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असे त्यात स्पष्ट झाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ही अट कायम आहे. त्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात डीव्हीआरचा स्वतंत्र उल्लेख असून यंत्राची बनावट, मॉडेल, अनुक्रमांक, मॅक क्रमांक अशा ओळखखुणांसाठी जागा ठेवलेली आहे. चित्रफितीची हॅश संख्याही नोंदवावी लागते.

म्हणूनच सुरुवातीच्या कागदाचे रूपांतर एका वहीत करावे. प्रत्येक कॅमेऱ्यापुढे जागा, पत्ता, मॅक क्रमांक, अनुक्रमांक, स्विचमधील छिद्राचा क्रमांक, बसवल्याची आणि बदलल्याची तारीख लिहावी. पासवर्ड या वहीत लिहू नये. तो बंद पाकिटात तिजोरीत ठेवावा, आणि कॅमेरे बसवणारा तंत्रज्ञ गेल्यावर त्याच दिवशी बदलावा. वहीची एक प्रत रेकॉर्डरच्या कपाटाच्या दाराला आतून लावावी. महिन्याच्या पहिल्या सोमवारी कोणीतरी वही घेऊन बसावे, प्रत्येक चौकटीतील जागा नावाशी ताडून पाहावी, रेकॉर्डरचे घड्याळ मोबाइलशी मिळवावे, आणि वीस दिवसांपूर्वीच्या रात्रीचे पाच मिनिटांचे चित्रण प्रत्येक कॅमेऱ्यावरून काढून पाहावे. सोळा कॅमेऱ्यांना यासाठी तासभर पुरतो.